तार असावी की नसावी?

दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थांनी नवविधा भक्तीचे निरूपण केले आहे आणि त्यातला पहिला समास श्रवणभक्तीला दिला आहे. कीर्तन, स्मरण, अर्चन हे सारे त्यानंतरचे. आधी ऐकावे, मग बोलावे, हा क्रम आपल्या परंपरेने मोठ्या विचाराने लावलेला आहे. आजच्या काळात श्रवण कमी झाले आहे, असे मात्र कुणी म्हणू नये. सायंकाळी राजघाटाच्या पायऱ्यांवर घटकाभर बसले, की तापीमाईला दिवा सोडणाऱ्या सुवासिनी दिसतात, फिरावयास आलेले निवृत्त गृहस्थ दिसतात, महाविद्यालयातील मुलेमुली दिसतात. आणि यांतील पुष्कळांच्या कानांत काहीतरी असते. कुणाच्या कानातून पांढरी तार खिशात उतरलेली असते, तर कुणाच्या कानात वालाच्या दाण्याएवढी वस्तू नुसतीच बसलेली असते. पूर्वी कानात भिकबाळी असे, कुडी असे, बुगडी असे. हे नवे कर्णभूषण स्त्रीपुरुष, लहानथोर असा कोणताच भेद मानत नाही.

ज्यांच्या घरी मुलांनी किंवा नातवंडांनी या वस्तूसाठी हट्ट धरला आहे, अशा पालकांचा आम्हांला हमखास प्रश्न असतो : हेडफोन तारेचा घ्यावा की बिनतारी? प्रश्न वरवर बाजारहाटाचा आहे. परंतु त्याचा विचार करू लागले, की तो दुकानाच्या पायरीवर थांबत नाही, आपल्या घराच्या माजघरापर्यंत येतो. म्हणून या खेपेस त्याचाच परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

यंत्र नवे वाटले तरी त्याचे मूळ जुने आहे. अमेरिकेतील यूटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने १९१० साली आपल्या स्वयंपाकघरात दोन्ही कानांचे हेडफोन बनवले आणि ते तेथील नौदलाने विकत घेतले. हेडफोनची तार ज्या छिद्रात खोचतात, त्याचे कूळ तर एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन केंद्रांत सापडते. ट्रंक कॉल लावणारी बाई दोऱ्या उपसून दुसऱ्या छिद्रात खोचत असे, त्या खुंटीचाच हा धाकटा वंशज. आपल्याकडे पूर्वी ट्रान्झिस्टरसोबत एका कानात घालावयाची छोटी गुंडी मिळे. घरातील मंडळी निजल्यावर तिच्यातून क्रिकेटचे समालोचन ऐकणारे रसिक आजही हयात आहेत. १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीचा वॉकमन आला आणि चालता चालता एकट्याने ऐकण्याची सवय जगाला लागली. पुढे २०१६ साली अ‍ॅपल कंपनीने आपल्या नव्या फोनमधून ते गोल छिद्रच काढून टाकले. इतर कंपन्यांनीही हळूहळू तोच मार्ग धरला आणि तार की बिनतार हा प्रश्न गावोगाव पोहोचला.

तारेच्या हेडफोनचे काम अगदी सरळ असते. फोनमधून निघालेला विजेचा क्षीण प्रवाह तारेतून कानापाशी येतो. तेथे लोहचुंबकाजवळ बारीक तारेचे वेटोळे असते. प्रवाह कमीअधिक होईल तसे ते वेटोळे हलते, त्याला चिकटलेला पातळ पडदा थरथरतो आणि ध्वनी निर्माण होतो. या साऱ्यासाठी कानापाशी वेगळी बॅटरी लागत नाही. आपल्या गावच्या कुंडी भंडाऱ्याची येथे आठवण व्हावी. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, एका इराणी भूगर्भतज्ज्ञाने सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यांत अडवून गावापर्यंत आणले. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. केवळ उताराच्या बळावर पाणी येते. तारेच्या हेडफोनची जात हीच. मूळ स्रोतात जोर आहे तोवर तो चालतो आणि वाटेत कुणाकडे काही मागत नाही.

बिनतारी हेडफोनचे कार्य अधिक गुंतागुंतीचे आहे. तारेवाचून संदेश पाठवण्याच्या विद्येत आपला देशही मागे नव्हता. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात भिंतीआडची घंटा विद्युत्-चुंबकीय लहरींनी वाजवून दाखवली होती. आजचे बिनतारी हेडफोन ज्या पद्धतीवर चालतात तिचे नाव ब्लूटूथ. तिचे काम स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ साली सुरू झाले आणि तिला नाव मिळाले ते दहाव्या शतकातील हॅराल्ड नावाच्या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून. ब्लूटूथ म्हणजे शब्दशः निळा दात. विखुरलेल्या टोळ्या त्या राजाने एकत्र आणल्या, तशी निरनिराळी यंत्रे ही पद्धत एकत्र आणते, एवढाच त्यातील भावार्थ. दंतवैद्यकाशी तिचा काही संबंध नाही.

या पद्धतीत फोन गाण्याची आधी घट्ट घडी घालतो, म्हणजे त्यातील माहिती आटोपशीर करतो आणि रेडिओलहरींवरून पाठवतो. कानातील यंत्र ती घडी उलगडते आणि मग पडदा हलवते. वाटेत इतरांच्या लहरींशी टक्कर होऊ नये म्हणून या लहरी ७९ मार्गांमध्ये सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारीत जातात. मार्ग असे बदलत राहण्याच्या कल्पनेचे एक पेटंट १९४२ साली हेडी लमार या चित्रपट-अभिनेत्रीने आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकाराने मिळून घेतले होते, हे वाचकांना कौतुकाचे वाटेल. या लहरींनी मेंदूला अपाय होईल का, असे भीतभीत विचारणारेही असतात. ब्लूटूथची शक्ती मोबाइल फोनच्या स्वतःच्या लहरींहून पुष्कळच कमी असते, तेव्हा फोन कानाशी धरणाऱ्याने कानातील गुंडीस भिण्याचे कारण नाही.

घडी घालणे आणि उलगडणे यांत वेळ मात्र जातो. शाळेत ध्वनीचा वेग शिकवताना आम्ही मुलांना राजघाटाचाच दाखला देतो. दूर पात्रातील खडकावर कुणी धुणे आपटत असले, तर कपडा खडकावर पडलेला आधी दिसतो आणि आवाज मागाहून येतो. कारण ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटरच चालतो. साध्या बिनतारी हेडफोनमध्ये आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद मागे राहू शकतो, म्हणजे पन्नास ते सत्तर मीटर अंतरावरून धुण्याचा आवाज यावा तितका. चित्रपट पाहताना ही उणीव सहसा भासत नाही, कारण फोन चित्रालाही तेवढेच थोपवून धरतो. पण फोनवरच्या पेटीची पट्टी दाबून सूर साधणाऱ्या विद्यार्थ्याला बोट आणि सूर यांची फारकत लगेच जाणवते. संगीताचा अभ्यास करणाऱ्याने तारेचाच हेडफोन घ्यावा, हे आम्ही निःशंकपणे सांगतो. बिनतारी हेडफोनमधून ऐकणे आणि बोलणे एकाच वेळी चालू झाले, की आवाजाचा दर्जाही बहुधा उतरतो. ऑनलाइन वर्गात मास्तरांचा आवाज पिंपातून आल्यासारखा का वाटतो, याचे एक कारण हे आहे.

आता पदराला खार किती लागतो ते पाहू. साधा तारेचा हेडफोन शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. तो बहुधा खुंटीच्या मानेपाशी तुटतो, आणि हुशार कारागीर तेथे सोल्डरिंग करून त्याला आणखी वर्षभर जगवतो. बिनतारी गुंड्या त्याहून अनेक पटींनी महाग. त्यांच्या पोटात लिथियमच्या इवल्या बॅटऱ्या असतात. काही शे वेळा चार्ज झाल्यावर त्या थकू लागतात, आणि बहुतेक गुंड्यांची घडणच अशी असते, की बॅटरी बदलता येत नाही. मग पडदा शाबूत, चुंबक शाबूत, तरी सबंध वस्तू कचऱ्यात जाते. आणि हा कचरा घंटागाडीत भाजीच्या देठांबरोबर टाकण्याजोगा नसतो. शिवाय दोहोंपैकी एक गुंडी हरवली, की सांडलेली बुगडी शोधणाऱ्या लावणीतील नायिकेची अवस्था घरोघर अनुभवास येते.

इतके वाचून आम्ही बिनतारी हेडफोनचे वैरी आहोत असा ग्रह होऊ नये. भाकऱ्या थापताना कीर्तन ऐकणाऱ्या गृहिणीला तार अडचणीची होते. पाठीला बाक आलेल्या आजोबांना तारेची गुंतवळ सोडवणे हे नित्याचे संकट असते. शिवणयंत्र, गिरणी किंवा यंत्रमाग यांजवळ काम करणाऱ्याच्या गळ्यात लोंबती तार असणे तर सरळसरळ धोक्याचे आहे. फिरत्या चाकात ती अडकली तर माणसालाही ओढील. बाहेरचा गोंगाट शमवणारे हेडफोन ही आणखी एक सोय. ते बाहेरचा ध्वनी टिपतात आणि त्याच्या नेमका उलट ध्वनी निर्माण करून दोहोंची वजाबाकी करतात. बंगाली पित्याचे पुत्र असलेले अमेरिकेतील प्राध्यापक अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली विमानप्रवासात सुचली. अशी सोय आज तारेच्या आणि बिनतारी अशा दोन्ही प्रकारांत मिळते, बिनतारी प्रकारात अधिक. गोंगाट कमी झाला, की आवाज चढवण्याची गरज उरत नाही, हा तिचा खरा लाभ.

येथे आपल्या गावाचा एक प्रश्न जिव्हाळ्याने मांडावासा वाटतो. बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे गाव. मागांच्या शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो, आणि आठ तासांच्या पाळीसाठी आपल्या देशातील कारखान्यांच्या नियमांत जी कमाल मर्यादा घातली आहे, ती नव्वदचीच आहे. अशा शेडमध्ये गाणे ऐकू यावे म्हणून तरुण विणकर हेडफोनचा आवाज त्याहूनही वर नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ऐंशी डेसिबलचा आवाज आठवड्यातून चाळीस तास ऐकणे निर्धोक आहे. नव्वद डेसिबलला हीच मुभा आठवड्याला केवळ चार तासांवर येते. आपल्या अंतर्कर्णात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसल पेशी असतात. त्या एकदा मेल्या, की माणसात पुन्हा उगवत नाहीत. पीक गेले तर पुढच्या हंगामाची आशा धरता येते, येथे तीही नाही. आणि या बाबतीत तार व बिनतार यांत काडीचाही भेद नाही. कानाचा पडदा पाहुणा कोणत्या वाटेने आला हे विचारत नाही, तो किती जोरात दार ठोठावतो एवढेच जाणतो. मागावर गाण्याची गुंडी घालण्यापेक्षा आवाज अडवणारे साधे बोळे घालावेत, आणि गाणे घरी येऊन हळू ऐकावे, असे या तरुणांना कुणीतरी वडिलकीने सांगितले पाहिजे.

दुसरा धोका रस्त्यावरचा. उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात २६ एप्रिल २०१८ रोजी चौकीदार नसलेल्या फाटकावर शाळेची गाडी रेल्वेखाली आली आणि तेरा मुले प्राणास मुकली. चालकाच्या कानात इयरफोन होते, असे त्या वेळी सांगण्यात आले होते. आमच्यासारख्या, रोज शेकडो मुलांची हजेरी घेणाऱ्या माणसाला ही घटना विसरता येत नाही. वाहन चालवताना, रस्ता ओलांडताना आणि रेल्वे रुळांच्या आसपास दोन्ही कान मोकळे हवेत. येथे विकल्प नाही.

परंतु या दोन प्रकारांत आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भेद शास्त्राचा नाही, शिष्टाचाराचा आहे. तार दिसते. समोरच्याच्या कानातून तार लोंबत असली, की आपण ओळखतो : हा येथे असून येथे नाही. मग आपण त्याच्या खांद्याला हात लावतो, तो तार ओढतो आणि कान मोकळा करतो. बिनतारी गुंडी केसांच्या आड दडते. आजी माजघरातून हाक मारते, दुसऱ्यांदा मारते, आणि तिसऱ्यांदा मारत नाही. नातवाने मुद्दाम ओ दिली नाही, असे तिला वाटते. नातू तर आजी रागावली का, याच विचारात पडतो. दोघांचाही अपराध नसताना घरात अबोला शिरतो. तार ही दारावरच्या कडीसारखी होती. घरमालक आत आहे की बाहेर गेला आहे, ते पाहुण्याला दुरूनच कळे.

आणि ती तिसरी न मारलेली हाक आपल्याला, म्हणजे या मासिकाच्या वाचकांना, इतरांपेक्षा महाग पडते. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. आपल्यापैकी कुणाचे पूर्वज त्याआधी येथे आले, कुणाचे नंतर. कुणी चाकरीसाठी, कुणी कापडाच्या व्यापारासाठी. इतक्या पिढ्या येथे राहूनही मराठी आपल्या घरांत टिकली. बाजार हिंदीत चालतो, कचेरी हिंदीत चालते, मुले बहुधा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. तेव्हा ही भाषा टिकली ती मुख्यतः कानाच्या आधाराने. बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तेथून आपले मराठी शिक्षण सुरू होते. पुढे ते पाळण्याजवळ, देवघरात, चुलीपाशी आणि पंगतीत चालते. त्यासाठी वेगळी तासिका नसते; शब्द येता जाता कानावर पडतात, एवढेच.

कानावाचून जे शिकता येत नाही, त्याचे एकच उदाहरण देतो. ‘जरा थांब’ यातील ‘जरा’ आणि ‘जन्म, जरा, मरण’ यातील ‘जरा’ लिहिण्यात सारखे आहेत, उच्चारात वेगळे. ‘हे जग’ आणि ‘सुखाने जग’ यांचेही तसेच. आपल्या लिपीने च, ज आणि झ यांच्या दोन-दोन उच्चारांसाठी निरनिराळी अक्षरे ठेवलेली नाहीत. पुस्तक कितीही शुद्ध असले तरी येथे ते मूग गिळून बसते. हा भेद आजीच्या तोंडून ऐकूनच कळतो. आता शाळेत मराठी कुळातील एखादा मुलगा दोन्ही ‘जरा’ एकाच हिंदी उच्चाराने वाचतो, ‘ळ’च्या जागी ‘ल’ म्हणतो, तेव्हा त्याच्या बुद्धीत उणे आहे असे आम्ही समजत नाही. त्याच्या कानापर्यंत घर पोहोचलेले नाही, असे समजतो. दुपारभर, संध्याकाळभर ज्याच्या कानांत बाहेरचे गाणे आहे, त्याच्या कानात घरातले बोलणे शिरणार कोठून?

न्यायाने बोलावयाचे तर याच यंत्राने मराठी आणूनही दिली आहे. येथे बसून पुण्या-मुंबईचे नाट्यसंगीत, व्याख्याने, कीर्तने ऐकता येतात, ही सोय आमच्या बालपणी नव्हती. पण कीर्तनकार यंत्रातून सांगतो, तो ऐकणाऱ्याचे उच्चार सुधारीत नाही. ‘असे नव्हे रे, असे म्हण,’ एवढे म्हणावयास घरातलेच माणूस लागते.

तेव्हा विचारणाऱ्या पालकांस आमचे उत्तर असे. शाळकरी मुलांस तारेचा हेडफोन द्यावा : तो स्वस्त आहे, दुरुस्त होतो, आणि मुख्य म्हणजे दिसतो. संगीत शिकणाऱ्यासही तोच. ज्यांचे हात कामात गुंतलेले असतात, ज्यांना तारेचा धोका किंवा त्रास आहे, त्यांनी बिनतारी खुशाल घ्यावा. मात्र एक कान मोकळा ठेवावा. दोन्ही प्रकारांत आवाज पूर्ण क्षमतेच्या साठ टक्क्यांच्या आत असावा. कुणी वडीलधारे बोलू लागले, की गुंडी कानातून काढून हातात घ्यावी. गाणे थांबवले असले तरीही काढावी, कारण बोलणाऱ्याला ते कळत नाही. आणि रात्रीच्या जेवणापासून निजेपर्यंत घरातील सर्वांचे कान मोकळे असावेत, थोरांचेही. मुलांना बंदी आणि वडिलांच्या कानात बातम्या, असा नियम कोणत्याच घरात चार दिवसांपलीकडे टिकत नाही.

वाचकांना एक विनंती करून हे लेखन आटोपते घेतो. या महिन्यात रोज जेवणानंतर घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीशेजारी पंधरा मिनिटे बसावे आणि मुलांनाही बसवावे. त्यांच्या बोलण्यातला जो शब्द मुलांना कळणार नाही, तो अर्थासह टिपून ठेवावा. महिनाअखेर असे दहा शब्द जमले, की ते संपादकांच्या पत्त्यावर पाठवावेत. निवडक शब्द याच पानावर छापण्याविषयी आम्ही संपादकांस विनवू. उखळाचा, जात्याचा, मागाचा, केळीच्या बागेचा, सणावाराचा, रागावण्याचा, कोणताही शब्द चालेल. अट एकच : तो कुणाच्या तरी तोंडून ऐकलेला असावा.